‘पंच’ म्हणजे पाच? एका लाडक्या व्युत्पत्तीची उलटतपासणी (धागा)

उन्हाळा आला की समाजमाध्यमांवर एक चित्र हमखास फिरू लागते. काचेच्या मोठ्या भांड्यात थंडगार वाइन, तिच्यावर तरंगणाऱ्या संत्र्या-लिंबाच्या चकत्या, आणि खाली एक वाक्य : इंग्रजीतील ‘पंच’ हा शब्द आपल्या ‘पाच’वरून आला, पाच घटक, म्हणून पंच.

वाक्य सुटसुटीत आहे, अभिमान सुखावणारे आहे, आणि मोठमोठ्या शब्दकोशांत त्याला आधारही सापडतो. तरीही ते ज्या खात्रीने सांगितले जाते, तेवढी खात्री पुराव्यात नाही. आणि त्या वाक्याच्या झगमगाटात या पेयाशी असलेले कोकणचे खरे नाते झाकले जाते, ही त्याहून मोठी हानी आहे.

या व्युत्पत्तीचा मुख्य साक्षीदार म्हणजे जॉन फ्रायर. शिवकाळाच्या अभ्यासकांना हा डॉक्टर परका नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तो १६७३ मध्ये हिंदुस्थानात आला. १६७४ च्या राज्याभिषेकासाठी रायगडावर गेलेल्या हेन्री ऑक्झिंडनच्या वकिलातीची हकिकत त्याच्या ग्रंथात आहे. १६७५ मध्ये तो स्वतः उपचारांसाठी जुन्नरला जाऊन आला. त्याचे प्रवासवर्णन १६९८ साली लंडनला छापले गेले.

गोव्याविषयी लिहिताना फ्रायर सांगतो की उत्तम अर्क नेरूळला तयार होतो, आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज त्यापासून शरीर खिळखिळे करणारे एक पेय बनवतात. त्याचे नाव ‘पाँच’; हिंदुस्थानी भाषेत त्याचा अर्थ पाच. येथवरचा भाग सगळे सांगतात. पुढचा भाग मात्र बहुधा गाळला जातो. फ्रायर वैद्य होता. पाच द्रव्यांच्या औषधी मिश्रणाला युरोपातील वैद्य ‘डायापेन्टे’ म्हणत, त्याचा दाखला तो देतो. आणि लगेच, चार वस्तूंपासून केले तर ‘डायाटेसेरॉन’, असेही जोडतो. म्हणजे ‘पाच’चा सर्वांत प्रसिद्ध साक्षीदारच त्याच श्वासात ‘चार’ची मुभा देतो.

घटक मोजू लागले की पाचाचा आकडा आणखी निसटतो. मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी १६३८ मध्ये सुरतेच्या इंग्रज वखारीत राहिला होता. तेथल्या ‘पालेपुन्ट्झ’ नावाच्या पेयात तो मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर एवढेच सांगतो. चार. औरंगजेबाच्या काळातील फ्रेंच वैद्य बर्निए बंगालमधील ‘बूलपाँज’चे वर्णन करतो : अर्क, लिंबाचा रस, पाणी आणि किंचित जायफळ. पुन्हा चारच, आणि तेही निराळे. (चवीला बरे, प्रकृतीला घातक, असा त्याचा शेरा. फ्रायर काय, बर्निए काय, दोघेही वैद्य. पेयाविषयीचे त्यांचे मत सारखेच.)

आता सर्वांत जुना उल्लेख पाहा. कंपनीच्या रॉबर्ट अ‍ॅडम्स या नोकराने २८ सप्टेंबर १६३२ रोजी लिहिलेल्या एका पत्रात ‘पंच’ हा शब्द येतो. पत्र पेटापोलीच्या वखारीतील सहकाऱ्याला लिहिलेले आहे. पेटापोली म्हणजे आजच्या आंध्र प्रदेशातील निजामपट्टणम. तेथील लोकांची भाषा तेलुगू, आणि तेलुगूत पाचाला ‘ऐदु’ म्हणतात. केवळ एवढ्याने व्युत्पत्ती कोसळत नाही. कंपनीचे लोक बंदराबंदरांतून हिंडत आणि शब्दही त्यांच्याबरोबर हिंडत. पण जो शब्द मराठी म्हणून मिरवला जातो, त्याचे पहिले दर्शन कोरोमंडल किनाऱ्यावर व्हावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

उच्चाराचाही प्रश्न आहे. सतराव्या शतकातील इंग्रजीत या शब्दातला स्वर आजच्यासारखा ‘अ’ नव्हता. तो ‘पुट’मधल्या ‘उ’च्या जवळचा होता. ‘पुन्ट्झ’, ‘पाँज’ ही परकी रूपेही त्याच दिशेने बोट दाखवतात. मराठी ‘पाच’ किंवा हिंदी ‘पाँच’ ऐकून त्याचा ‘पुंच’ का व्हावा, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. म्हणूनच काही अभ्यासक ‘पंचन’ या मोठ्या पिंपाच्या नावाकडे वळतात. जहाजावरचे मद्य त्या पिंपांतून येई. तोही तर्कच आहे. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात पाचाची बाजू घेतली, आणि त्या ग्रंथाच्या अधिकारामुळे ती रुजली. ‘असू शकेल’ एवढेच येथे प्रामाणिकपणे म्हणता येते.

काही उत्साही मंडळी तर थेट पंचामृतापर्यंत पोहोचतात. देवपूजेच्या पंचामृतात दूध, दही, तूप, मध, साखर असते. मराठी पानातल्या पंचामृतात चिंच, गूळ, तीळ, मिरची. दोहोंत मद्य नाही आणि लिंबूही नाही. पाचाच्या आकड्याखेरीज हे नाते कशावर उभे आहे?

याउलट, ज्या शब्दाविषयी शंका नाही त्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. तो शब्द म्हणजे सरबत. लिंबाचा रस आणि साखर यांच्या ज्या मिश्रणावर पंच उभे राहते, त्याला जुने इंग्रज पंच करणारे ‘शर्बेट’च म्हणत. ‘सरबत’, ‘शराब’, इंग्रजीतील ‘शर्बेट’ आणि फळांच्या आंबट पाकाचे ‘श्रब’ ही सारी ‘पिणे’ या अर्थाच्या एकाच अरबी धातूची लेकरे. पंचातून मद्य काढून घेतले तर उरते ते प्रत्येक मराठी घराला ठाऊक असलेले लिंबाचे सरबत.

आणि मद्य? गोव्याचा तो अर्क माडीपासून निघे. माडाची पोय बांधायची, तिचे टोक रोज छाटायचे, खाली मडके लावायचे, आणि सकाळ-संध्याकाळ झाडावर चढून रस उतरवायचा. तो आपोआप आंबतो. मग भट्टीवर चढतो. ‘अर्क’ हा शब्दही अरबीच, मूळ अर्थ घाम : भांड्याच्या तोंडाशी जमणारे थेंब. गोव्यात हे काम रेंदेरांचे होते, मुंबई बेटावर मुख्यतः भंडाऱ्यांचे. पंचाच्या कथेत डॉक्टर येतात, प्रवासी येतात, कोशकार येतात. दिवसातून दोनदा माडावर चढणारा माणूस मात्र येत नाही. गौरव करायचाच असेल तर तो एका संख्यावाचक शब्दाचा करण्यापेक्षा या माणसाच्या कसबाचा करणे अधिक न्याय्य ठरेल. आजच्या व्यवस्थेतही त्याच्या वाट्याला थोडी उपेक्षाच आहे : २००९ साली गोव्याला फेणीसाठी भौगोलिक मानांकन मिळाले ते काजूच्या फेणीचे, माडाच्या नव्हे. काजूचे झाड तर पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेले.

मुंबईशी पंचाचे नाते किती घट्ट होते, याचा सर्वोत्तम पुरावा १६९४ च्या एका सरकारी हुकमात आहे. सिद्दी याकूतखानाच्या वेढ्यातून बेट सुटून जेमतेम चार वर्षे झाली होती. तशाही स्थितीत कंपनीच्या सरकारने पंचाची मापे ठरवून दिली. खानावळीत पंच पिण्यास आलेल्या कोणालाही एक क्वार्ट चांगला गोवा अर्क, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पिंट लिंबाचे पाणी मागून घेण्याचा हक्क असे, आणि त्याने आपले पंच आपणच करावे. आजच्या मापात सुमारे ९५० मिलिलिटर मद्य, २२५ ग्रॅम साखर, २४० मिलिलिटर लिंबूपाणी. पंचाच्या वाडग्यावर बाजाराच्या कारकुनाचा शिक्का नसेल, तर गिऱ्हाइकाने तो वाडगा खुशाल फोडावा; वाडग्याचेही पैसे द्यायचे नाहीत आणि पंचाचेही. ग्राहकसंरक्षणाचा इतका आवाजी कायदा मुंबईने नंतर क्वचितच पाहिला असेल! घटक मात्र तीनच.

वाइनचा प्रवेश या कथेत उशिरा होतो. सतराव्या शतकात येथील युरोपियनांना शिराझची किंवा कॅनरी बेटांची वाइन मिळे, पण फार महाग. अर्क मात्र स्वस्त आणि हाताशी. उष्ण समुद्रप्रवासात बहुतेक वाइन बिघडत; मदिरा बेटाची वाइन तेवढी उष्णतेने सुधारे. १७३६ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने स्ट्रँड रस्त्यावरील एका पंचविक्याची बातमी दिली : त्याने कडक मदिरा वाइनचे नवे पंच काढले होते, नाव ‘सँग्रे’. मदिरा, लिंबू, साखर, पाणी, वर जायफळ अशा या ‘सँगरी’चे नाव स्पेनच्या सांग्रियाशी जुळते, दोहोंच्या मुळाशी रक्ताचा लाल रंग. सांग्रिया अमेरिकेत लोकप्रिय झाली ती १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातून, आणि २०१४ च्या युरोपीय नियमांनुसार केवळ ‘सांग्रिया’ या नावाने विकण्याचा हक्क स्पेन आणि पोर्तुगालच्या पेयालाच आहे.  पंचासाठी असे संरक्षण मागायचे झाले तर ते बारदेशाने मागावे.

आज नाशिक परिसरात शेनिन ब्लाँ पिकते, आणि फ्रायर ज्या जुन्नरला गेला त्याच तालुक्यात, नारायणगावला, १९८० च्या दशकात फसफसणारी वाइन तयार होऊ लागली. तेव्हा उन्हाळी मेळाव्यासाठी पंच करणाऱ्यांनी जुन्या रीतीकडे वळावे. फळांच्या चकत्या वाइनवर सोडून देण्याच्या आजच्या रीतीत चव फारशी उतरत नाही.

सुगंध सालीत असतो. दोन संत्री आणि तीन लिंबे घेऊन साल अगदी पातळ काढावी. पांढरा भाग आला तर कडूपणा येतो. शंभर ग्रॅम साखरेत ती साल हाताने चुरून तासभर झाकून ठेवावी, म्हणजे सालीतले तेल साखर ओढून घेते. त्यात लिंबांचा व संत्र्यांचा रस घालून साखर विरघळवावी आणि गाळावे. झाले सरबत. त्यावर ७५० मिलिलिटर थंड पांढरी वाइन आणि तिच्या निम्मे गार पाणी. बर्फाचे लहान खडे लवकर वितळून पेय पचपचीत करतात. त्याऐवजी आदल्या रात्री एका वाडग्यात गोठवलेला मोठा गोळा टाकावा. जायफळ आधी घालू नये, पेले भरताना वरून किसावे. मुलांसाठी वाइन घालण्यापूर्वीच थोडे सरबत बाजूला काढून ठेवावे.