आकृतीत न दिसणारी चकती



काही वर्षांपूर्वी तालुका पातळीवरील एका विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. दहावीतल्या दोन मुलांनी स्वतः जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर मांडला होता. घरी लाकडी फळीवर तो उत्तम वाजत असे. प्रदर्शनात नीटस दिसावा म्हणून त्यांनी तो पत्र्याच्या पेटीत बसवला, आणि बटण दाबताच फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. मग एकाने शक्कल लढवली. पॉवर ट्रान्झिस्टर ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या पंखेदार हीट सिंकवर कसलेले होते, ते हीट सिंकच त्याने काढून टाकले. गाणे सुरू झाले! पण पाचेक मिनिटांतच आवाज फाटला आणि जळका वास सुटला. तो मुलगा रडकुंडीला येऊन एकच म्हणत होता, "सर, सर्किट बरोबर आहे हो!"

सर्किट खरोखरच बरोबर होते. जी वस्तू बसवायची राहिली होती, ती सर्किटच्या आकृतीत काढलेलीच नसते. ती म्हणजे अभ्रकाची एक पातळ चकती.

त्या मुलांनी वापरलेला ट्रान्झिस्टर होता २एन३०५५. १९६० च्या दशकापासून हौशी मंडळींचा हा आवडता ट्रान्झिस्टर. त्याच्या आत सिलिकॉनचा काही मिलिमीटरचा तुकडा असतो आणि सगळी उष्णता त्या एवढ्याशा जागेत निर्माण होते. ती झटपट बाहेर पडावी म्हणून तो तुकडा धातूच्या बैठकीवर थेट चिकटवलेला असतो. परिणामी ट्रान्झिस्टरचे धातूचे कवच हाच त्याचा कलेक्टर होतो. म्हणजे एकच कवच उष्णतेचे दार आणि विजेची तारही! लाकडी फळीवर हीट सिंक कशालाही टेकत नव्हते, म्हणून निभावले. पेटीत ते पत्र्याला टेकले. पत्रा वीजपुरवठ्याच्या शून्य टोकाला जोडलेला होता. कलेक्टरवरच्या ४० व्होल्टना आयती वाट मिळाली आणि फ्यूज उडाला.

मग हीट सिंक काढल्यावर काय बिघडले? ओहमचा नियम तुम्हांला ठाऊक आहे. विजेच्या दाबाच्या जागी तापमानातला फरक घ्या, प्रवाहाच्या जागी दर सेकंदाला वाहणारी उष्णता घ्या. तोच नियम येथेही चालतो. या वाटेवरचा रोध 'एका वॉटमागे किती अंश' असा मोजतात. २एन३०५५ च्या आतल्या तुकड्यापासून कवचापर्यंत तो सुमारे दीड अंश असतो. लेप लावलेल्या अभ्रकाचा अर्धा अंश आणि मध्यम आकाराच्या हीट सिंकचा दोन अंश धरू. बेरीज झाली चार. ट्रान्झिस्टरमध्ये २० वॉट उष्णता निर्माण होत असेल, तर आतला तुकडा खोलीपेक्षा ८० अंशांनी तापेल. वैशाखात खोलीच ४० अंशांवर असली तरी हिशेब १२० वर थांबतो. या ट्रान्झिस्टरची मर्यादा २०० अंश सेल्सिअस आहे. आता हीट सिंक काढा. उघड्या कवचापासून हवेपर्यंतच्या वाटेचा रोध एका वॉटमागे तीस-पस्तीस अंश होतो. त्याला २० ने गुणून पाहा! उत्तर येईपर्यंत ट्रान्झिस्टर शिल्लक राहत नाही.

अडचण अशी की आपल्याला वीज अडवायची आहे आणि उष्णता मात्र जाऊ द्यायची आहे. निसर्ग ही जोडी सहसा देत नाही. जे धातू विजेचे चांगले वाहक, तेच उष्णतेचेही, हे वीडमान आणि फ्रान्झ यांनी १८५३ मध्येच दाखवले होते. मग अभ्रक उष्णतेचा उत्तम वाहक आहे काय? मुळीच नाही. अ‍ॅल्युमिनियमपुढे तो फारच मागे पडतो. त्याचा गुण वेगळा आहे. त्याचे पापुद्रे सुटतात. मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका पातळ पापुद्राही हजाराहून अधिक व्होल्टना दाद देत नाही. उष्णतेला मात्र इतकी कमी जाडी ओलांडायला फारसे कष्ट पडत नाहीत. झारखंडातील कोडर्माच्या खाणी अशाच अभ्रकासाठी जगभर नावाजल्या.

एक शत्रू उरतो, तो म्हणजे हवा. सपाट दिसणारे पत्रेही सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतात. त्यांच्या खाचांत अडकलेली हवा उष्णता अभ्रकाच्या सुमारे विसाव्या हिश्श्याइतकीच वाहून नेते. म्हणून चकतीच्या दोन्ही बाजूंना पांढरा सिलिकॉन लेप लावतात. तो पोळीला तूप लावावे तसा सढळ हाताने लावू नका! त्याचे काम खाचा भरण्यापुरतेच. जाड थर दिला की तोच अडसर होतो.

बसवताना भोकाच्या कडेला उभी राहिलेली धातूची धार जाड ड्रिलचे पाते हाताने फिरवून काढा, नाहीतर ती अभ्रकाला भोसकते. स्क्रूही धातूचाच, म्हणून तो नायलॉनच्या बुशमधून घाला. मग एकही तार जोडण्यापूर्वी मल्टिमीटर ओहमवर ठेवून कवच आणि हीट सिंक यांमध्ये तपासा. रोध अनंत दिसला पाहिजे. तसा दिसला नाही, तर सगळे उघडून पुन्हा बसवा. फ्यूजच्या जागी तार घालण्याचा मोह कधीही होऊ देऊ नका, आणि घरातल्या वीजपुरवठ्याचे काम मोठ्या माणसांच्या देखत करा. आज पुष्कळ जण टीडीए २०३० सारखी आयसी वापरतात. तिची धातूची पट्टीही वीजपुरवठ्याच्या ऋण टोकाला जोडलेली असते. कोणती पट्टी कुठे जोडली आहे, हे माहितीपत्रकात वाचूनच ठरवा.

आता शिक्षक मित्रांसाठी दोन शब्द. "हे मेकॅनिकचे काम, भौतिकशास्त्राचे नव्हे" असे म्हणणारे अनेक जण मला भेटतात. मला हे अजिबात मान्य नाही. वीजवहन, उष्णतावहन, ओहमचा नियम, पदार्थांचे गुणधर्म हे सारे त्या एका चकतीखाली एकत्र येते. तरीही प्रदर्शनात आपण आकृती पाहतो, गाणे ऐकतो आणि गुण देतो. त्या दिवशी मीही आधी आकृतीच तपासली होती, हे कबूल करतो. यापुढे एक प्रश्न अवश्य विचारावा: "आतली उष्णता बाहेर कोणत्या वाटेने जाते, ते काढून दाखव." वर्गात एक प्रयोगही सहज करता येईल. कमी व्होल्टच्या पुरवठ्यावर एकाच ट्रान्झिस्टरमध्ये ठरावीक वॉट खर्च होऊ द्यावेत, आणि कवच व हीट सिंक यांच्या तापमानातला फरक लेपासह आणि लेपाविना मोजावा. मुले ते आकडे विसरणार नाहीत.

ती दोन मुले त्या दिवशी 'आपल्याला इलेक्ट्रॉनिक्स जमत नाही' असे समजून घरी गेली असतील, तर तो दोष त्यांचा नव्हे. आकृती अचूक वाचायला आम्ही त्यांना शिकवले होते. आकृतीत काय नसते, ते सांगायचे राहून गेले. तुमचा अ‍ॅम्प्लिफायर पेटीत बसवण्यापूर्वी ती चकती जागेवर आहे ना, एवढे एकदा पाहा.