चोपड्याची वाट

फेब्रुवारीत ‘छावा’ चित्रपट पाहून आम्ही थिएटरच्या पायऱ्या उतरत होतो. आत अजून घोषणा चालू होत्या, बायका पदराने डोळे पुसत होत्या. नातवाने माझा हात ओढला. “आप्पा, यामा आपलं चोपडं नही का?” माझेही डोळे कोरडे नव्हते, पण त्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही.

आदल्याच आठवड्यात मी त्याला चोपड्याची हकिकत सांगितली होती. संभाजी महाराजांचा राज्याभिषेक १६ जानेवारी १६८१ चा. महिना सरतो न सरतो तोच सरनोबत हंबीरराव मोहित्यांची फौज बुऱ्हाणपुरावर येऊन धडकली. बुऱ्हाणपूर तेव्हा खानदेश सुभ्याची राजधानी. सावकार-सराफांचा बहादूरपुरा आणि आसपासचे पुरे तीन दिवस लुटले गेले. खबर लागताच औरंगाबादेहून मोगल सरदार खानजहान बहादूर दौडत निघाला आणि फर्दापूरच्या घाटाशी आला. मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो, की खानजहानने धरणगाव-चोपड्याकडे जाऊन मराठ्यांची वाट अडवायची, तर तो वळला एदलाबादेकडे, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरकडे. मराठे चोपड्यावरून चार-पाच दिवसांत बागलाणात, साल्हेरला पोचले. लुटीने लादलेली जनावरे, माघाची थंडी, पाठीवर मोगल, आणि कुठेतरी तापी ओलांडायची. हा सगळा मुलूख आपल्या पायाखालचा आहे.

चित्रपट याच मोहिमेने सुरू होतो. खानदेशच्या वाचकाला यापरते काय हवे! पण पडद्यावरच्या बुऱ्हाणपुरात खजिना आणि सिंह एवढेच लक्षात राहते. महाराज सिंहाचा जबडा फाडतात, शिट्ट्यांनी थिएटर दणाणते, कथा पुढे पळते. मार्चमध्ये हाच चित्रपट पाहून बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेते खणू लागले, मोगली नाणी सापडतील म्हणून. ती बातमी वाचून मला फार वाईट वाटले. एवढ्या मोठ्या माणसाच्या कथेतून खेड्यातल्या माणसापर्यंत पोचले काय, तर गाडलेले सोने.

विकी कौशलने जीव ओतून काम केले आहे, याबद्दल दुमत नाही. तक्रार आहे ती पुस्तकाच्या वाचकाची. चित्रपट ज्या कादंबरीवर बेतला ती शिवाजी सावंतांची ‘छावा’ १९७९ ची, ‘मृत्युंजय’नंतर बारा वर्षांनी आलेली. माझ्या प्रतीची बांधणी दोनदा करून झाली आहे. संभाजी महाराजांच्या दूधआईच्या, धाराऊच्या पानांवर आईच्या बोटाचा तेलकट डाग आहे. स्वयंपाक सोडून ती तिथेच अडकायची. दोन वर्षांचे, आईविना पोर दुसऱ्या बाईच्या दुधावर वाढते, नऊ वर्षांचे असताना आग्र्याहून सुटताना मथुरेत परक्यांच्या घरी राहते, पुढे संस्कृतात ‘बुधभूषण’ रचते, आणि एके दिवशी बापाला सोडून मोगल सरदार दिलेरखानाच्या छावणीत जाते. ते जाणे, तिथले जळणे, परत येऊन पन्हाळ्यावर बापासमोर उभे राहणे: कादंबरीचा प्राण मला तिथे सापडतो. चित्रपट १६८१ मध्ये सुरू होतो तेव्हा ही तेवीस वर्षे मागे पडलेली असतात. मग उरते पराक्रमाची आणि छळाची गोष्ट. कसा मेला ते आपण पाहतो. मरताना हा माणूस काय काय गमावत होता, ते कळत नाही.

कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे, हे मलाही मान्य आहे. पण मराठी रंगभूमीने कितीतरी वर्षे ज्याला व्यसनी आणि उच्छृंखल म्हणून उभे केले, त्याचे चरित्र वा. सी. बेंद्र्यांनी १९६० मध्ये कागदपत्रांच्या आधारे लिहिले, आणि सावंतांनी त्याला घराघरांत नेले. तिथे माणूस चुकत होता, पस्तावत होता, म्हणून तो आपला वाटला. निर्दोष करून उंचावर बसवला की तो पुन्हा दूर जातो.

हे दुःख आपल्यापुरते नाही. टोल्किनचे ‘द हॉबिट’ हे पोरांसाठी लिहिलेले आटोपशीर पुस्तक; २०१२ ते २०१४ मध्ये त्याचे तीन चित्रपट ताणून काढले. आपल्याकडे उलट झाले, उशाला घ्यावी एवढी जाड कादंबरी पावणेतीन तासांत कोंबली. दोन्हीकडे लढाया मात्र पुरेपूर आहेत.

म्हणून यंदाच्या दिवाळी अंकात बुऱ्हाणपूर ते साल्हेर या वाटेवर एक लेख घेतला आहे. तो अपुरा आहे, कारण कागद थोडे आणि गावे पुष्कळ. धरणगाव, चोपडा, शिरपूर, साक्रीकडच्या वाचकांना विनंती आहे: घरात जुनी बखर, मोडी कागद, आजीने सांगितलेली एखादी हकिकत असेल तर आम्हाला कळवा. कागद धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात दाखवून घेता येतील. आणि सुट्टीत पोरे घरी आहेत तोवर ‘छावा’ची पहिली शंभर पाने त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.