रक्त कमी, की हक्क कमी?

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात आरोग्य तपासणी शिबीर झाले. धुणीभांडी करणारी एक बाई सहाव्या महिन्यात पहिल्यांदाच तपासायला आली होती. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि एकदम आवाज चढवला, "तू नीट खात नाहीस का? रक्त किती कमी आहे!" एकेरीत, हेही नोंदवून ठेवतो. ती खाली मान घालून उभी राहिली. आम्ही पडलो वकील. आरोपीच्या पिंजऱ्यात भलताच माणूस उभा केला की आम्हाला लगेच कळते.

ही कैफियत याच मुंबईत एकदा शास्त्रापुढे मांडली गेली आहे. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर इथे आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायांना एक जीवघेणा रक्तक्षय जडत होता. हाफकिन संस्थेत काम करताना विल्सबाईंनी आधी जंतू शोधले. जंतू सापडले नाहीत, दोष ताटात सापडला. ज्यांचे जेवण सर्वांत निकृष्ट, त्यांनाच हा आजार अधिक. यीस्टपासून बनणारा 'मार्माइट' नावाचा स्वस्त अर्क दिला आणि बाया सुधारू लागल्या. १९३१ मध्ये हे प्रसिद्ध झाले. पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून एक जीवनसत्त्व वेगळे काढले गेले, आणि पानाच्या लॅटिन शब्दावरून त्याला 'फॉलिक अ‍ॅसिड' नाव पडले. मार्माइटमधला गुणकारी घटक तो हाच. ज्यांच्या रक्तावरून जगाला हा शोध लागला, त्या गिरणीतल्या बायांची नावे आज कोणाला ठाऊक आहेत?

हे जीवनसत्त्व शरीरात करते काय? तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून हाडांतल्या मगजात दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या पेशी तयार व्हाव्या लागतात. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर आधी डीएनएची नक्कल हवी. डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक, थायमिन, बनवायला कार्बनचा एक अणू जोडावा लागतो. तो अणू वाहून आणणारा हमाल म्हणजे फोलेट. हमालच आला नाही तर पेशी फुगते, मोठी होते, पण दुभंगत नाही. लोह कमी पडले तर पेशी लहान राहतात. इथे उलट होते. म्हणून नुसत्या लोहाने हे रक्त भरून येत नाही. गरोदरपणात तर बाळाची, वारेची, आईच्या रक्ताची अशी तिहेरी बांधणी चालू असते आणि हमाल जास्तच लागतात.

आणखी एक गोष्ट. गर्भाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. तोवर पुष्कळ बायांना दिवस गेल्याचेही कळलेले नसते. ज्यांचे आधीचे मूल या व्यंगाचे होते, अशा मातांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड दिले तर पुढचा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी घटतो, हे १९९१ च्या ब्रिटिश संशोधनाने दाखवले. आमच्याकडे गोळी हातात पडते ती नाव नोंदवल्यावर.

गोळीनेही सगळे भागत नाही. फोलेटला कामावर ठेवते बी-१२. ते वनस्पतींत नसते. दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. बी-१२ नसताना एकटे फॉलिक अ‍ॅसिड दिले तर रक्त सुधारलेले दिसते, पण नसांचे नुकसान आतल्या आत चालूच राहते. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून शाळांना लोकवर्गणीचा रस्ता दाखवला. कोणत्या वस्तीत लोकवर्गणी जमते, हे सांगायला नको.

विल्सबाई मुंबईत आल्या त्याच १९२८ च्या जुलैमध्ये बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या काळात आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, ही त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये कायदा झाला. आज संविधानाचे कलम ४७ पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याचे कलम ४ गरोदर बाईला अंगणवाडीतून मोफत आहार आणि किमान ६,००० रुपये देते. त्यात पहिले बाळंतपण की तिसरे, असा भेद नाही. मात्र २०१७ ची मातृवंदना योजना पहिल्या अपत्याला ५,००० रुपयांवर थांबली, आणि २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तरच ६,०००. कलम ४ मध्ये 'योजनेच्या अधीन राहून' असे शब्द आहेत, हे आम्ही जाणतो. पण कायद्याने दिलेले योजनेने कापून घ्यावे, असा त्याचा अर्थ आम्हाला मान्य नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. या साऱ्याच नीट खात नाहीत, असे म्हणायचे का?

त्या बाईचे हे तिसरे बाळंतपण. आम्ही तिचा अर्ज लिहून दिला आहे: अंगणवाडीचा आहार आजपासून, फोलेट आणि बी-१२ ची तपासणी, आणि कलम ४ चे ६,००० रुपये. पोच घेतली आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पुढचा कागद तयार आहे.