साखर, मन आणि वारसा

प्रति,
अधिष्ठाता, श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, धुळे
अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जळगाव

मधुमेह असलेल्यांत नैराश्याचे प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट आढळते. पथ्याचा जाच आणि औषधांचा खर्च हे त्याचे एक कारण; पण तेवढ्याने उलगडा होत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनुसार नैराश्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ३७ टक्के असतो, आणि त्यातला काही भाग चयापचयाच्या विकारांशी सामाईक आहे.

हा सामाईक भाग सर्व रुग्णांत सारखा नसतो. नैराश्यात अनेकांची अन्नावरची वासना उडते. काहींची मात्र भूक, झोप आणि वजन तिन्ही वाढतात. लठ्ठपणा, लेप्टिन आणि शरीरातील सौम्य दाह यांच्याशी निगडित जनुकीय फरक या दुसऱ्या गटात ठळक दिसतात. केसपेपरवर नुसते ‘नैराश्य’ लिहिले की हा भेद पुसला जातो. नैराश्याचे असे एक जनुकही नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक विश्लेषणात जवळपास ७०० फरक नोंदले गेले, प्रत्येकाचा परिणाम किरकोळ. एफटीओ जनुकातील वजन वाढवणारा फरक तर २०१२च्या एका अभ्यासात नैराश्याचा धोका थोडा कमी करणारा ठरला. सरळ बेरीज इथे चालत नाही.

शिवाय अशा संशोधनातील बहुसंख्य माणसे युरोपीय वंशाची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात बाळे वजनाने हलकी, तरी त्या मानाने चरबी राखून असलेली आढळली. सडपातळ माणसाला मधुमेह का होतो, याचा एक धागा तिथे आहे. खान्देशात लेवा पाटील, भिल्ल, पावरा अशा आपसात सोयरिक करणाऱ्या समाजांत जनुकीय फरकांचे प्रमाण आणखी वेगळे असू शकते. परदेशी आकडेवारीवर बेतलेले जोखमीचे गुणांक इथे जसेच्या तसे लावणे धोक्याचे.

दोन्ही महाविद्यालयांकडून अपेक्षित असलेले काम त्यामानाने स्वस्त आहे. मधुमेहाच्या ओपीडीत मन लागते का, कामात रस उरला आहे का, हे दोन प्रश्न विचारले जावेत. मानसोपचार विभागात भूक वाढली की घटली याची नोंद व्हावी आणि साखर, रक्तदाब, कमरेचा घेर तपासला जावा. मिर्टाझापिनसारख्या औषधांनी वजन वाढते, तेव्हा ती सुरू करण्यापूर्वी ही मोजमापे हवीत आणि नंतर काही महिन्यांनी पुन्हा. यांतल्या कशालाही जनुकचाचणी लागत नाही.