बीए इंग्लिश केलं की फाडफाड बोलता येतं?

२०२५ च्या एप्रिलपासून पहिलीतल्या हिंदी सक्तीवरून राज्यात रान पेटलं. २९ जूनला सरकारने दोन्ही शासन निर्णय मागे घेतले आणि प्रश्न समितीकडे गेला. या गदारोळात इंग्रजीबद्दल फारसं कुणी बोललं नाही. ती सगळ्यांनाच हवी आहे.

पण विद्यापीठात इंग्रजी घेणं म्हणजे नेमकं काय, हे आपल्या घरांत अजून उलगडलेलं नाही. बारावीचा निकाल लागला की पालक आम्हाला विचारतात, "सर, पोरीने बीए इंग्लिश केलं तर फाडफाड बोलेल ना?" आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत बीए इंग्लिश म्हणजे मुख्यतः साहित्य: कविता, नाटक, कादंबरी. भाषाविज्ञान असतं ते तोंडी लावण्यापुरतं.

या भाषाविज्ञानाचा उपयोग काय? आमच्याच वर्गातली गोष्ट. एक मुलगी 'इस्कूल' म्हणाली आणि वर्ग हसला. खरं सांगायचं तर आम्हीही हसलो. भाषाविज्ञान हसत नाही, कारण शोधतं. शब्दाच्या सुरुवातीला 'स्क' आलं की उर्दूची सवय असलेली जीभ आधी एक स्वर ठेवते. उर्दूत हा शब्द लिहितातही अलिफपासून. स्पॅनिशमध्ये शाळेला 'एस्कुएला' म्हणतात, मूळ लॅटिन शब्दाच्या पुढे असाच स्वर जोडून. त्यांना कुणी अडाणी म्हणत नाही! घरात उर्दू किंवा दखनी, गल्लीत मराठी, पुस्तकात इंग्रजी, अशी आपली पोरं या विषयाची निम्मी तयारी घेऊनच येतात.

पुण्याचं डेक्कन कॉलेज, मुंबई विद्यापीठ, अलीगढ इथे भाषाविज्ञानात एमए होतं. हैदराबादची इफ्लू १९५८ साली इंग्रजीची केंद्रीय संस्था म्हणून सुरू झाली, आज ते केंद्रीय विद्यापीठ आहे.

नोकरीचं मात्र स्पष्ट बोलायला हवं. नेट परीक्षेत इंग्रजी आणि भाषाविज्ञान हे वेगळे विषय आहेत, आणि कॉलेजांत भाषाविज्ञानाच्या जागा अगदी थोड्या. प्राध्यापकीच करायची असेल तर एमए इंग्रजी करून त्यातच भाषाविज्ञानाचे पेपर घेणं बरं. भाषांतर, शब्दकोश, मोबाईलला बोली समजावण्याचं काम, इथे भाषाविज्ञानवाल्यांना वाव आहे. वाचादोषांवरच्या उपचाराची पदवी निराळी. तिला बारावी सायन्स लागतं. हे उशिरा कळून हिरमुसलेली मुलं आम्ही पाहिली आहेत.

ती 'इस्कूल'वाली मुलगी आता टीवायला आहे. अब्बू म्हणतात, हैदराबाद लांब पडतं. पुण्यात तिची खाला राहते, तेवढ्यावर सध्या घरात बोलणी चालू आहेत.