ताग्याची नोंद आहे, यंत्राची का नाही?

कापडाच्या धंद्यातले आम्ही लोक हिशेबाला कच्चे नाही. गठाणीत किती तागे, ताग्यात किती मीटर, कोणत्या पार्टीकडे किती दिवसांची उधारी, हे सर्व वहीत असते. वहीत नसले तर मुनीमजींना तोंडपाठ असते. पण आता ज्या यंत्रांवर ही वही चालते त्यांची नोंद मात्र कुठेच नसते. पेढीवर संगणक आहे, प्रिंटर आहे, गोदामात कॅमेरे आहेत, मुलांच्या हाती धंद्याचे मोबाईल आहेत. ते कधी घेतले, कोणाकडून, किती रुपयांना, कोणाच्या पैशाने? विचारले तर उत्तर येते, "बिल असेल कुठेतरी."

पूर्वी हे चालून जात होते. वही, पेन आणि गजावर धंदा होत होता. आता तसे राहिले नाही. जीएसटी १ जुलै २०१७ पासून आला. ५ कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या पेढ्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्याला विकलेल्या मालाचे ई-इनव्हॉइस सक्तीचे झाले. संगणक बंद पडला की बिल बंद, बिल बंद की गाडी दारात उभी. असे यंत्र म्हणजे फर्निचर नव्हे, ते धंद्याचे हातपाय आहे.

लिहून ठेवण्याची ताकीद आम्हाला नवी नाही. कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत, सूरह बकरातील २८२ वी, मुदतीच्या देण्याघेण्याची लिखापढी करण्याविषयीच आहे आणि रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका असे तिच्यात बजावले आहे. आयत कर्जाची आहे, यंत्राची नाही, हे खरे. पण लिखापढीने शंका मिटते आणि भांडण टळते ही तिच्यातली हिकमत यंत्रालाही लागू पडते.

भांडण कुठे होते ते पाहा. वडिलांच्या पेढीवर दोन मुले बसतात. एक मुलगा चार माग आणि दोन संगणक घेतो. पैसा पेढीचा की त्याचा स्वतःचा, हे कोणी लिहीत नाही, कारण घरात लिहिणे म्हणजे अविश्वास वाटतो. वडिलांचा इंतकाल झाला की विरासतीची वाटणी समोर येते. वारसांचे हिस्से शरीअतने ठरवून दिले आहेत, त्यात वाद नाही. वाद एवढाच असतो की वाटायची मिळकत कोणती. ज्या बहिणी पेढीवर कधी बसल्या नाहीत त्यांचा हक्क इथेच बुडतो. भागीदारी तुटतानाही हेच होते. "हे यंत्र कोणाचे" हा एक रकाना भरला असता तर जमातीच्या पंचांना बसवण्याची वेळ आली नसती.

जकातीचाही प्रश्न आहे. विक्रीचा माल, रोकड आणि येणे यांवर अडीच टक्के जकात आहे. कामाचे माग, मोटर, संगणक यांच्यावर नाही. पण मोबाईलच्या दुकानदाराने विकायला ठेवलेला फोन हा माल आहे आणि त्याच दुकानातला बिलाचा संगणक हे अवजार आहे. दोन्ही एकाच यादीत कोंबले तर जकात एक तर कमी निघते, नाही तर जास्त.

दुनियेच्या हिशेबातही हेच. गोदामाला आग लागली तर विमा कंपनीचा सर्व्हेअर बिले मागतो, यंत्राचा नंबर मागतो. जळालेल्या डब्यावरचा नंबर कोण वाचणार? नियमित जीएसटी नोंदणी असलेल्याला धंद्याच्या संगणकावर भरलेला कर वजा मिळतो, पण पक्के बिल असेल तरच. आणि त्या कराच्या रकमेवर घसारा घेतला तर वजावट मिळत नाही. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेला संगणक स्वस्त वाटतो, पण त्याला वजावट नाही, आणि वॉरंटी व विमा मागायला कागदही नाही. मोबाईल चोरीला गेला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून तो बंद करता येतो, त्यासाठी त्याचा १५ आकडी आयएमईआय नंबर लागतो. फोन हातात असताना *#०६# दाबले की तो नंबर दिसतो. फोन गेल्यावर कुठे पाहणार?

मग लिहायचे काय? प्रत्येक यंत्राला आपला एक क्रमांक द्यावा आणि तो चिकटवावा. त्या क्रमांकापुढे कंपनी, मॉडेल, कंपनीचा सिरियल नंबर, खरेदीची तारीख, बिल नंबर, किंमत, पैसा कोणाचा, यंत्र कुठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे, वॉरंटी कधीपर्यंत, दुरुस्ती काय झाली, आणि शेवटी विकले की मोडीत गेले, हे लिहावे. संगणकापुढे विंडोज कोणते तेही लिहावे. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. कोणता संगणक बदलायचा हे ज्याच्याकडे यादी आहे त्यालाच कळते.

दहा-पंधरा वस्तू असतील तर साधी वही पुरते. चार शाखा आणि पन्नास यंत्रे असतील तर सॉफ्टवेअर घ्यावे. स्नाइप-आयटी आणि जीएलपीआय ही मोफत मिळणारी आहेत, मात्र ती बसवून देणारा जाणकार लागतो. सॉफ्टवेअरचा खरा फायदा असा की यंत्र कोणाकडून कोणाकडे गेले आणि नोंद कोणी बदलली याचा इतिहास राहतो. वहीत खाडाखोड होते. पण रकाने रिकामे ठेवले तर महागडे सॉफ्टवेअरही कोरी वहीच आहे. नोंदीची एक प्रत पेढीबाहेर ठेवावी, नाही तर आगीत यंत्राबरोबर यादीही जाईल. पासवर्ड या यादीत लिहू नयेत. ते वेगळे, बंद पाकिटात, घरातल्या एका विश्वासू माणसाला ठाऊक असतील असे ठेवावेत. एकट्या ऑपरेटरच्या डोक्यात असलेला पासवर्ड तो नोकरी सोडतो त्या दिवशी जातो.

आणि नोंद खरी असावी. जुना माग नवा दाखवून कर्ज काढणे किंवा मोडीत गेलेला संगणक विम्यात जिवंत ठेवणे हा धोका आहे, आणि हिशेब फक्त सर्व्हेअरच घेणार आहे असे नाही.

आमच्या बुजुर्गांनी उधारीची वही अमानत मानली. यंत्रांची यादीही तशीच अमानत आहे, भागीदाराची, वारसाची आणि गरिबाच्या जकातीची. या जुम्याला दुकान बंद असेल तेव्हा एक तास काढावा आणि पहिले पान लिहावे. अल्लाह आमच्या रोजीत बरकत देवो.