रतनवाडीला जावे ते पाण्यावरून आणि पायी

अहिल्यानगर जिल्हा म्हटला की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे शिर्डी, शनिशिंगणापूर आणि पावसाकडे डोळे लावून बसलेले माळरान उभे राहते. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, पाऊस अक्षरशः कोसळतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याची गर्द राई तेथे आहे आणि एक हजार वर्षांच्या आसपास वयाचे शिवालयही आहे. मुंबई-पुण्याच्या गिर्यारोहकांना हे सारे तोंडपाठ असते. जिल्ह्यातल्याच अनेक सुशिक्षित कुटुंबांना ते ऐकूनही ठाऊक नसते.

भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या पार शेवटाला रतनवाडी वसली आहे. पुढे धरणाचे पाणी, मागे सह्याद्रीची मुख्य रांग आणि त्या कड्याखाली कोकण. भूगोलाच्या व्याख्येने ते बेट नव्हे, अनुभवाने मात्र बेटच. धरणाकाठच्या शेंडी गावातून लाँच अथवा होडीने पाणी ओलांडायचे, काठावर उतरून अमृतेश्वराचे दर्शन घ्यायचे आणि मग पायी रतनगड चढायचा, हा जुन्या भटक्यांचा शिरस्ता होता. आता जलाशयाला वळसा घालणारा रस्ता झाला आहे आणि बेटाचे बेटपण गेले आहे. गाडी थेट मंदिराजवळ येते. अर्ध्या तासात छायाचित्रे काढून परत फिरते. प्रश्न आहे तो येथे.

पाण्यावरून जाणाऱ्याला हा प्रदेश क्रमाक्रमाने उलगडतो. धरणाची भिंत मागे पडते, कळसूबाईचे शिखर बाजूला सरकते, रतनगड आणि त्याचा तो सुप्रसिद्ध खुट्टा समोर येऊ लागतो. आणि आपण ज्या पाण्यावरून चाललो आहोत त्याखाली कोणाची तरी भातखाचरे होती, हे भान होडीतच येते, मोटारीत नाही. १९१० साली सुरू झालेले हे धरण १९२६ साली पूर्ण झाले. सुमारे ८२ मीटर उंचीची दगडी भिंत आणि अकरा अब्ज घनफूट पाणी. धरणाला गव्हर्नर विल्सन यांचे आणि जलाशयाला आर्थर यांचे नाव चिकटले. संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या उसाला पाणी मिळाले, प्रवरेच्या काठी सहकाराची साखर पिकली. जिल्ह्याच्या समृद्धीचा हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो आणि तो सांगावाच. पण ज्या महादेव कोळी समाजाच्या दरीत हे पाणी साठले, त्यांच्या डोंगरावरच्या वाड्यांना उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते, हा त्याच इतिहासाचा दुसरा अध्याय आहे.

याच समाजाने राघोजी भांगरे दिला. देवगावच्या या वीराने १८४०च्या दशकात सावकारशाही आणि तिच्या पाठीशी उभ्या असलेल्या इंग्रज सत्तेविरुद्ध याच डोंगररानांच्या आधाराने बंड उभारले. १८४८च्या जानेवारीत पंढरपुरात तो पकडला गेला आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. म्हणजे सत्तावनच्या समरापूर्वी नऊ वर्षे. रतनवाडीला येणाऱ्या किती गाड्यांतील मुलांना हे नाव कोणी सांगत असेल?

अमृतेश्वराचे मंदिर परंपरेने शिलाहार राजा झंझ याच्या नावे सांगितले जाते. शिखराची भूमिज घडण पाहून काही अभ्यासक ते त्यानंतरचे मानतात. काळाचा वाद तज्ज्ञांनी घालावा. पाहणाऱ्याने शिखरावरील लहान लहान शिखरांच्या चढत्या ओळी पाहाव्यात, खांबांवरचे कोरीवकाम पाहावे आणि गावाच्या अंगाला असलेली पुष्करणी तर चुकवूच नये. तिच्या भिंतीतील देवळ्या पाण्यात उलट्या दिसतात. येथून गडाची वाट प्रवरेचा ओढा पुनःपुन्हा ओलांडत रानात शिरते. हिरडा, करवी, उन्हाचा कवडसा. नशीब असेल तर शेकरूची एखादी झेप. पुढे लोखंडी शिड्या, गणेश आणि हनुमान दरवाजे आणि माथ्यावर कातळाला आरपार पडलेले नेढे. प्रवरेचा उगम याच गडाशी. ज्या नदीच्या काठी नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ती येथे टाच भिजेल इतकीच असते. नेवाशाला जाणाऱ्या वारकऱ्याने एकदा तरी हा उगम पायी चालून पाहिला, तर त्या नदीकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलेल.

रस्ता नको, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. रतनवाडीच्या आजारी माणसाला, बाळंतिणीला, शाळेच्या मुलाला रस्ता हवाच. शहरातल्या निसर्गप्रेमींनी आपल्या सुट्टीच्या सौंदर्यासाठी गावकऱ्यांना पाण्यापलीकडे कोंडून ठेवावे, ही कल्पनाच उर्मटपणाची. परंतु गावकऱ्यांचा रस्ता आणि पर्यटकांचा वाहनतळ या दोन भिन्न गोष्टी आहेत. पावसाळी रविवारी येथे जी वाहनांची रांग लागते, तिचा गावाला लाभ थोडा आणि उपद्रव फार.

काजव्यांचे उदाहरण घ्या. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत येथील झाडे काजव्यांनी लखलखतात. तो प्रकाश म्हणजे नर-मादीचे परस्परांना दिलेले संकेत. पुढच्या वर्षीची पिढी त्यावर अवलंबून. ते पाहायला आपण काय घेऊन जातो? गाडीचे प्रखर दिवे, भ्रमणध्वनीची विजेरी आणि कर्कश संगीत. ज्याचा उत्सव करायचा त्याचीच वाट बंद करायची, हा कसला उत्सव!

उपाय अशक्य नाहीत. पावसाचा जोर ओसरल्यापासून पाणी भरपूर असते तोवर पर्यटकांच्या गाड्या शेंडीलाच थांबाव्यात आणि पुढचा प्रवास होडीने व्हावा. होड्या रतनवाडी-साम्रदच्या तरुणांच्या, गडावरचे वाटाडेही त्यांचेच, प्रत्येक होडीत माणसे मोजून आणि प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट. मुसळधार पावसात होडी नाहीच. उन्हाळ्याअखेर पाणी पार मागे हटते. तेव्हा होडीचा आग्रह व्यवहार्य नाही. काजव्यांच्या दिवसांत गावकऱ्यांच्याच मोजक्या जीपगाड्या चालाव्यात आणि झाडांपासून दूर उतरून माणसांनी अंधारातून चालावे. पंधरा मिनिटांत डोळे सरावतात.

हे ठरवायचे कोणी? अकोल्याचा हा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो आणि १९९६च्या पेसा कायद्याने ग्रामसभेच्या शब्दाला वजन दिले आहे. वनखाते आणि जिल्हा प्रशासनाने आराखडा वातानुकूलित दालनात न करता मंदिरासमोरच्या पारावर करावा. आपल्या परिचयातील शाळा आणि मंडळे दिवाळीनंतर सहली काढतात. त्यांनी कोणाच्या आदेशाची वाट न पाहता यंदाची एक सहल अशी काढून पाहावी: बस शेंडीला उभी, जेवण गावातल्या घरी नाचणीची भाकरी आणि पिठले, त्याचे पैसे त्या घरच्या माउलीच्या हाती, आणि राघोजीची कथा शिक्षकाने नव्हे, तर गावातल्या एखाद्या वृद्धाने सांगितलेली.